टायरवरचे आकडे

टायरच्या दुकानात गिऱ्हाईक शिरते आणि विचारते, "बाराचा टायर आहे का?" दुकानदार मागच्या थप्पीतून एक टायर काढतो, तो रिमवर चढतो, हवा भरली जाते, चाक फिरते. काम झाले, असे दोघांनाही वाटते. पण 'बारा' हा आकडा रिमच्या व्यासाचा आहे. टायर चढेल की नाही एवढेच तो सांगतो. तो टायर त्या गाडीचा आहे की नाही, हे सांगत नाही.

आपल्याकडे रस्त्यांवर अजून दिसणाऱ्या तीन गाड्या घेऊ. मारुती ८००चे उत्पादन २०१४ साली थांबले, ओम्नी व्हॅनचे २०१९ साली आणि ऑल्टो ८००चे २०२३ साली. पण तिन्ही गाड्या गावोगावी धावत आहेत आणि ओम्नी तर कित्येक ठिकाणी मुलांना शाळेत पोहोचवते. मारुती ८००च्या टायरवर साधारणपणे १४५/७० आर १२ असे लिहिलेले आढळते, ऑल्टोच्या टायरवर १४५/८० आर १२ आणि ओम्नीच्या टायरवर १४५ आर १२ एलटी. तिन्हींत १४५ आहे, तिन्हींत १२ आहे. तरीही हे तीन टायर एकमेकांच्या जागी चालत नाहीत. का चालत नाहीत हे समजून घ्यायला सातवी-आठवीचे गणित आणि विज्ञान पुरते. परीघ, शेकडेवारी, दाब, उष्णता आणि चक्रवाढ व्याज हे सारे धडे टायरच्या बाजूवर छापलेले असतात.

सुरुवात मात्र सायकलपासून करावी, कारण ती शाळेच्या आवारातच उभी असते.

अठ्ठावीस आणि सव्वीस

मराठीत टायरला जुना शब्द आहे, 'धाव'. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोहार जी लोखंडी पट्टी चढवतो ती धाव. लोहार प्रत्येक चाक वेगळे मोजतो, धाव चाकापेक्षा किंचित लहान करतो, तापवून ती प्रसरण पावली की चाकावर बसवतो आणि पाणी ओतून आवळून घेतो. त्या धावेला क्रमांक लागत नाही, कारण ती त्या एकाच चाकाची असते. हवा भरलेला टायर कारखान्यात तयार होऊन शेकडो मैलांवर भलत्याच कारखान्यात बनलेल्या रिमवर बसवायचा असतो. तिथे मापाला नाव द्यावेच लागते, आणि नाव देण्याच्या पद्धती जिथे अनेक, तिथे घोटाळा आलाच.

आपल्या नेहमीच्या काळ्या उंच सायकलच्या टायरवर २८ × १ १/२ असे लिहिलेले असते. यातले २८ इंच हा रिमचा व्यास नाही. हवा भरलेल्या टायरचा बाहेरचा, साधारण व्यास आहे. दीड इंच ही टायरची जाडी. त्याच टायरवर बारीक अक्षरांत बहुधा ४०-६३५ असेही सापडते. ही आंतरराष्ट्रीय पद्धत : टायरची जाडी ४० मिलिमीटर आणि तो रिमच्या ज्या कडेवर बसतो तिचा व्यास ६३५ मिलिमीटर. ६३५ मध्ये दोन्ही बाजूंची जाडी, म्हणजे ८० मिळवा, ७१५ येतात. पंचवीस पूर्णांक चार दशांशाने भागले तर अठ्ठावीस इंचांहून थोडे अधिक. दोन्ही पद्धती जुळल्या.

आता सव्वीसची गंमत पहा. सव्वीस इंची सायकलचा एक टायर २६ × १ ३/८ असतो आणि जाड नक्षीच्या सायकलचा दुसरा २६ × १.७५. दोन्ही 'सव्वीसचे'. पण पहिल्याचे आंतरराष्ट्रीय माप ३७-५९० आणि दुसऱ्याचे ४७-५५९. रिमच्या व्यासात तब्बल ३१ मिलिमीटरचा फरक! एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर बसणारच नाही. असे का झाले? जाड टायर लहान रिमवर आणि बारीक टायर मोठ्या रिमवर चढवला की बाहेरचा व्यास दोन्हीकडे सव्वीस इंचांच्या आसपासच येतो, आणि नाव पडले ते बाहेरच्या व्यासावरून. विद्यार्थ्यांना दोन्ही बेरजा करायला लावाव्यात : ५९० + ७४ आणि ५५९ + ९४.

करून पाहण्याजोगा एक प्रयोग आहे. सायकलच्या टायरवर आणि जमिनीवर खडूने एकमेकांसमोर खूण करा, सायकल सरळ ढकलत नेऊन चाकाचे दहा फेरे मोजा आणि अंतर मोजून दहाने भागा. अठ्ठावीसच्या सायकलला एका फेऱ्याला सव्वादोन मीटरच्या जवळपास अंतर मिळेल. मग तोच प्रयोग एका विद्यार्थ्याला सायकलवर बसवून करा. या वेळी अंतर थोडे कमी भरते. परीघ तर बदललेला नाही, मग हे कसे? याचे उत्तर वर्गाकडूनच येऊ द्यावे. भाराखाली टायर जमिनीपाशी चपटा होतो आणि आस जमिनीच्या किंचित जवळ येतो, इतकाच धागा हाती द्यावा.

मोटारीचा टायर वाचताना

मोटारीच्या टायरवर आकड्यांची पद्धत बदलते. १४५/८० आर १२ ७४ टी हे नमुन्यादाखल घेऊ. १४५ ही हवा भरल्यावर टायरची एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंतची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० ही लांबी नव्हे, शेकडेवारी आहे : टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के. आर म्हणजे रेडियल. १२ हा रिमचा व्यास, पण इंचात! सायकलचे २८ हे बाहेरचे माप होते, इथले १२ आतले आहे. शेवटचे ७४ आणि टी हे भार आणि वेग यांविषयीचे संकेत आहेत. त्यांच्याकडे पुढे वळू.

एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच अशी खिचडी एखाद्या विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत केली तर आपण तांबडी शाई वापरू. ही खिचडी इतिहासाने केलेली आहे. हवेच्या टायरचे पहिले पेटंट १८४५ साली रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश अभियंत्याने घेतले. ते विस्मरणात गेले आणि १८८८ साली बेलफास्ट येथे जनावरांचे डॉक्टर असलेल्या जॉन बॉइड डनलॉप यांनी तीच कल्पना नव्याने अंमलात आणली, मुलाच्या तीनचाकीसाठी. पुढे रिम बनवणारे कारखाने इंचात स्थिरावले. युरोपातल्या टायरवाल्यांनी नंतर रुंदी मिलिमीटरमध्ये लिहायला सुरुवात केली. रिमचे इंच तसेच राहिले. १९७०च्या दशकात मिशलँ या फ्रेंच कंपनीने ३६५, ३९० अशा मिलिमीटरमधल्या व्यासाच्या रिमा आणि त्यांचे टायर बाजारात आणून पाहिले. ते टायर साध्या रिमवर बसत नसत, गिऱ्हाइकाला निवड उरत नसे आणि ती पद्धत रुजली नाही. जगातल्या सगळ्या रिमा एका रात्रीत बदलता येत नाहीत, हे त्यामागचे साधे कारण.

दुचाकींवर हे संक्रमण डोळ्यांना दिसते. जुन्या बजाज चेतकच्या टायरवर ३.५०-१० असे असे. दोन्ही आकडे इंचात. अ‍ॅक्टिव्हाच्या मागच्या टायरवर ९०/१००-१० असते. साडेतीन इंच म्हणजे जवळजवळ ८९ मिलिमीटर. तेव्हा हे एकच माप दोन भाषांत लिहिलेले आहे, असे म्हणायला हरकत नाही. मधली आडवी रेघ आर ऐवजी आलेली आहे. ती सांगते की टायरच्या आतले धागे तिरपे, एकमेकांना छेदणारे आहेत, बाजेच्या सुतळीसारखे. रेडियलमध्ये हेच धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात आणि त्यांच्यावर, जमिनीला टेकणाऱ्या भागाखाली, पोलादी तारांचा पट्टा असतो. त्यामुळे बाजू लवचीक राहते आणि तळवा ताठ राहतो. मिशलँने याचे पेटंट १९४६ साली घेतले. दोन्ही प्रकारचे टायर वळणावर वेगवेगळ्या रीतीने वागतात, म्हणून एकाच आसावर एक असा आणि एक तसा कधीही लावू नये.

सत्तर आणि ऐंशी

आता सुरुवातीच्या गाड्यांकडे येऊ. १४५/८० आर १२ या टायरच्या बाजूची उंची १४५ च्या ८० टक्के, म्हणजे ११६ मिलिमीटर. वर एक आणि खाली एक अशा दोन बाजू मिळून २३२. बारा इंच म्हणजे ३०४.८ मिलिमीटर. बाहेरचा व्यास ५३६.८. तोच हिशेब १४५/७० आर १२ साठी केला तर बाजू १०१.५, दोन बाजू २०३ आणि व्यास ५०७.८ मिलिमीटर. फरक २९ मिलिमीटर, सुमारे साडेपाच टक्के.

साडेपाच टक्के ऐकायला थोडे वाटतात. पण गाडीला रस्ता दिसत नाही. तिला चाकाचे फेरे तेवढे कळतात. फेऱ्यांना ठरलेल्या परिघाने गुणून ती वेग आणि अंतर दाखवते. मारुती ८००ला ऑल्टोचा मोठा टायर लावला तर काटा साठवर असताना गाडी प्रत्यक्षात ६३ च्या पुढे धावत असते आणि काटा ऐंशीवर असताना जवळजवळ ८५ ने. चालकाला हे कळायला काही मार्ग नाही. गाडीचे कारखाने वेगदर्शक मुद्दाम किंचित पुढे दाखवणारा ठेवतात, कारण त्याने खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवू नये असा दंडक आहे. चुकीचा टायर ही सोय खाऊन टाकतो. शिवाय चाकाची त्रिज्या साडेचौदा मिलिमीटरने वाढल्यामुळे पूर्ण वळवलेले चाक, गाडी भरलेली असताना आणि खड्ड्यातून जाताना, मडगार्डला घासू शकते. रिकाम्या गाडीवर दुकानासमोर एक फेरी मारून हे उघडकीला येत नाही.

बाहेरचा व्यास जुळवूनही रुंदी आणि रिम बदलता येतात, हे दाखवणारे एक सुंदर उदाहरण आहे. मारुती स्विफ्टच्या साध्या गाड्यांना १६५/८० आर १४ आणि महागड्या गाड्यांना १८५/६५ आर १५ असे टायर कारखान्यातूनच येत आले आहेत. वर्गात एका रांगेला पहिल्याचा आणि दुसरीला दुसऱ्याचा व्यास काढायला सांगा. उत्तरे ६१९.६ आणि ६२१.५ मिलिमीटर येतात. रुंदी वाढली, रिम मोठी झाली, टक्केवारी खाली आली, आणि व्यासात दोन मिलिमीटरचाही फरक नाही. गाडीच्या अभियंत्यांनी हे जुळवून घेतलेले असते. आपल्याला मोठ्या रिमा बसवायच्या असतील तर हाच हिशेब आधी कागदावर करावा.

गाडी उभी असते ती हवेवर

गाडीचे वजन कोण पेलते, असे विचारले की बहुतेक विद्यार्थी 'टायर' म्हणतील, रबर डोळ्यांपुढे आणून. रबराचा वाटा अगदी थोडा आहे. ट्यूबमधली किंवा टायरमधली हवा काढून टाकली की तेच रबर गाडीखाली पोळीसारखे चपटे होते. भार हवेचा दाब पेलतो.

माणसे आणि सामान धरून अकराशे किलोग्रॅम भरणारी गाडी घ्या. प्रत्येक चाकावर सरासरी २७५ किलो. हवेचा दाब ३० पौंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.१ किलो. भागाकार केला तर १३१ चौरस सेंटिमीटर येतात. आपले टपाल खात्याचे पोस्टकार्ड १४ सेंटिमीटर लांब आणि ९ सेंटिमीटर रुंद असते : १२६ चौरस सेंटिमीटर. म्हणजे अख्खी गाडी चार पोस्टकार्डांएवढ्या जागेवर उभी असते, आणि ब्रेक लागणे, वळणे, न घसरणे हे सारे त्या चार पोस्टकार्डांवर अवलंबून असते.

हे पडताळून पाहता येते. स्कूटर किंवा मोटारसायकल घ्यावी. साध्या सायकलच्या व्हॉल्व्हला पेट्रोल पंपावरचे दाबमापक बसत नाही. दोन्ही टायरमधला दाब मोजून आणा. टायरच्या तळव्याला ओला रंग किंवा गेरू लावून चाक आलेखाच्या कागदावर टेकवा आणि उचला. उमटलेल्या ठशाच्या बाहेरच्या कडेच्या आतले सगळे चौकोन मोजा, नक्षीच्या खाचांसकट. क्षेत्रफळाला दाबाने गुणा, दोन्ही चाकांची बेरीज करा आणि गाडीच्या पुस्तिकेतल्या वजनाशी ताडून पहा. उत्तर तंतोतंत जुळणार नाही, कारण टायरच्या बाजूही थोडा भार घेतात; पण अंदाज बऱ्यापैकी येतो. मग दाब थोडा कमी करून पुन्हा ठसा घ्या. वजन तेच, ठसा मोठा.

यातून टायर निवडण्याचा गाभा हाती येतो. टायर ही हवा कोंडून ठेवणारी पिशवी आहे. किती दाबाने किती हवा ती कोंडू शकते यावर तिची भार पेलण्याची ताकद ठरते, आणि ती ताकद रुंदी आणि रिम यांच्या आकड्यांत दिसत नाही. ती शेवटच्या दोन खुणांत असते.

७४ हा भारांक आहे. त्याचा अर्थ ७४ किलो असा नाही. तक्त्यात पाहिले तर ७४ म्हणजे प्रत्येक टायरला ३७५ किलोग्रॅम. ६९ म्हणजे ३२५, ८० म्हणजे ४५०, ८८ म्हणजे ५६०. तक्ता पाठ करण्याची जरुरी नाही, कारण त्यामागे एक सोपा नियम आहे. शून्य अंकाला ४५ किलो आणि ८० ला ४५० किलो; ऐंशी पायऱ्यांत दसपट. प्रत्येक पायरीला साधारण तीन टक्क्यांची वाढ होते, आणि तीही चक्रवाढीने. म्हणून चोवीस पायऱ्या चढल्या की भार दुप्पट होतो : ५० ला १९० किलो, ७४ ला ३७५, ९८ ला ७५०. अशा गुणोत्तराने वाढणाऱ्या मापांची कल्पना शार्ल रनार या फ्रेंच लष्करी अभियंत्याची. फुग्यांसाठी लागणाऱ्या दोरांची शेकडो मापे आटोक्यात आणण्यासाठी एकोणिसाव्या शतकात त्याने ती वापरली. लोकांना आकड्यांची भीती वाटते ती बहुधा त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून.

ऑल्टोवर ७४ ऐवजी ६९ भारांकाचा, मारुती ८००चा टायर चढवला तर चार टायर मिळून पेलायची ताकद १५०० किलोवरून १३०० किलोवर येते. भरलेल्या गाडीचे वजन अकराशेच्या पुढे असेल, तर तेराशे पुरेसे नाहीत का, असा प्रश्न चौकस विद्यार्थी विचारीलच, आणि तो रास्त आहे. टायर लगेच फुटेल असे नाही. पण भार चारही चाकांवर सारखा कधीच नसतो. ब्रेक लावताना पुढे झुकतो, वळताना बाहेर झुकतो. शिवाय हा भारांक टायरमध्ये ठरलेला पूर्ण दाब असेल तरच खरा. दोन महिने हवा तपासली नाही, मागे चौघे बसले, टपावर सामान आले, की उत्पादकाने राखून ठेवलेली दोनशे किलोंची शिल्लक आपण आधीच खर्च केलेली असते.

ओम्नीच्या टायरवरच्या 'एलटी' या अक्षरांचे महत्त्व इथे आहे. ही अक्षरे हलक्या मालवाहू गाडीच्या टायरवर असतात. त्याचा सांगाडा अधिक मजबूत असतो आणि तो जास्त दाबाची हवा कोंडून धरतो. शेजारी 'पीआर'च्या आधी येणारा आकडा पूर्वी सुती पदरांची खरी संख्या सांगत असे. आता तो ताकदीचा दर्जा तेवढा सांगतो. व्हॅनला मोटारीचा स्वस्तातला टायर सहज चढतो, बाहेरून फारसा फरक दिसत नाही. शाळेच्या फाटकाशी उभ्या राहणाऱ्या व्हॅनच्या चारही टायरांवर ही दोन अक्षरे आहेत का, हे पाहायला अर्धे मिनिट पुरते. वाहनाच्या सभेत चालकाच्या परवान्याबरोबर हीही नोंद मागावी.

वेगाचे अक्षर आणि उष्णता

टी हे अक्षर ताशी १९० किलोमीटर वेगाचे आहे. एस १८०, एन १४०, एल १२०. क्रम वर्णमालेचा, पण एच हे अक्षर मध्येच उडी मारून २१० वर जाऊन बसले आहे. इतक्या वेगाने आपल्याला जायचेच नाही, मग त्याचे काय, असे वाटते. हे अक्षर खरे तर उष्णतेविषयी बोलते. चाक फिरताना टायरचा प्रत्येक भाग जमिनीपाशी दबतो आणि पुन्हा सुटतो. ऑल्टोच्या चाकाचा परीघ १.६९ मीटर, ताशी १०० किलोमीटर वेगाने ते सेकंदाला सोळा फेऱ्यांहून जास्त फिरते. रबर प्रत्येक वेळी दिलेली ऊर्जा पूर्ण परत करीत नाही, थोडी उष्णतेच्या रूपात ठेवून घेते. हवा कमी असेल तर दबणे वाढते, उष्णता वाढते आणि रबर व धागे यांची पकड सुटू लागते.

गावातल्या थांबत-थांबत जाण्यात टायरला निवायला वेळ मिळतो. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि सपाट भागात मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा मिळाली. विदर्भातल्या उन्हात, न थांबता दोन-तीन तास, अशी परीक्षा त्याआधी आपल्या जुन्या टायरांची क्वचितच झाली होती. अशा रस्त्यावर कमी हवेचा, वय झालेला टायर गावातल्यासारखा सांभाळून घेत नाही.

हवा तपासायची ती टायर थंड असताना. सकाळी २७ अंश सेल्सियसला ३० पौंड दाब असलेला टायर धावून ५७ अंशांना पोहोचला, तर दाब किती होईल? विद्यार्थी ३०० आणि ३३० केल्विन घेऊन ३३ असे उत्तर देतात. ते चूक आहे, आणि चूक शिकवण्याजोगी आहे. दाबमापक वातावरणाच्या दाबावरचा जादा दाब दाखवतो. ३० मध्ये १४.७ मिळवून ४४.७; त्याला ३३०/३०० ने गुणून ४९.२, पुन्हा १४.७ वजा करून ३४.५ पौंड. हा वाढलेला दाब 'जास्त झाला' म्हणून वाटेत सोडून देणाऱ्याला सकाळी टायर मऊ सापडेल. किती दाब ठेवायचा ते चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर किंवा पुस्तिकेत असते. टायरच्या बाजूवर छापलेला दाब ही त्या टायरची कमाल मर्यादा. ती गाडीसाठीची शिफारस नाही. आणि नायट्रोजनसाठी पैसे द्यायचे की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच.

टायर बदलताना

तर नवा टायर घेताना मूळ मापच मागावे. ते न मिळाल्यास बाहेरचा व्यास जुळणारा आणि त्या रिमच्या रुंदीला चालणारा घ्यावा. भारांक आणि वेगाचे अक्षर मूळच्यापेक्षा खालचे नसावे. आयएसआय चिन्ह पाहावे. एका आसावरचे दोन्ही टायर एकदमच बदलावेत, म्हणजे ते सारखे झिजलेले राहतात.

दोनच नवे घ्यायचे असतील तर ते कुठे लावावेत? पुढची चाके गाडी वळवतात, तेव्हा नवे पुढे, असे जवळजवळ सगळे म्हणतात. टायर कंपन्या मात्र नवे टायर मागे लावा म्हणून सांगतात. ओल्या रस्त्यावर पुढची चाके आधी घसरली तर गाडी वळायला नकार देते, सरळ जाऊ लागते. चालकाला ते जाणवते, तो पाय काढतो आणि पकड बहुधा परत येते. मागची आधी घसरली तर गाडी स्वतःभोवती फिरते, आणि ती सावरणे सराईत चालकालाही अवघड जाते.

ओल्या रस्त्याचे गणितही दाबाशी येऊन मिळते. पाण्याचा थर टायरच्या खाचांना उपसता येण्यापेक्षा जास्त झाला की टायर पाण्यावर तरंगू लागतो. अमेरिकेतील नासा या संस्थेने विमानांच्या टायरांवर केलेल्या अभ्यासातून १९६३ साली एक सूत्र मांडले : दाबाच्या वर्गमुळाला सुमारे १६.७ ने गुणले की तरंगण्याचा वेग ताशी किलोमीटरमध्ये मिळतो, दाब पौंडांत घेतल्यास. ३० पौंडांना ९१ येतात, २० पौंडांना ७५. गोटा झालेल्या टायरला हे जवळून लागू पडते. चांगल्या खाचांचा टायर पाणी बाजूला सारतो आणि हा वेग वाढवतो. खाचांच्या तळाशी १.६ मिलिमीटर उंचीचे छोटे उंचवटे असतात. तळवा झिजून त्यांच्या पातळीला आला की मोटारीच्या टायरची कायदेशीर मुदत संपली. कोकणातल्या किंवा घाटातल्या पावसासाठी तिथवर थांबू नये, असे माझे मत.

खाचा खोल आहेत पण टायर म्हातारा आहे, असेही होते. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन रबराला ठिसूळ करीत राहतात, गाडी उभी असली तरी. वय कळायला बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. तीनच आकडे दिसले तर तो टायर २००० सालापूर्वीचा आहे, त्याला रजा द्यावी. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि दहा वर्षांनंतर झीज नसली तरी बदल, असे अनेक उत्पादक सुचवतात. दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेला टायरही 'नवा' म्हणूनच विकला जातो, म्हणून बिल करण्याआधी हे चार आकडे वाचावेत.

सर्वात जुना टायर बहुधा डिकीत सापडतो. वेल्समधल्या लानेल्ली गावी स्टेप्नी नावाच्या रस्त्यावर १९०४ साली डेव्हिस बंधूंनी जादा चाक बनवायला सुरुवात केली. त्या रस्त्याचे नाव इंग्लंडात मागे पडले, आपल्या पंक्चरवाल्यांच्या तोंडी मात्र 'स्टेपनी' म्हणून टिकले. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत स्टेपनी बाकीच्या चारांपेक्षा अरुंद असते आणि तिच्यावर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा चिकटवलेली असते. तिच्यातली हवा आणि तिच्यावरचे चार आकडे पाहायचे तर आधी डिकीतले सगळे सामान बाहेर काढावे लागते.